नानांचा ठप्पा

आमच्या नानांना माणूस ओळखायला चहाचा कप संपण्याइतकाही वेळ लागत नसे. पाहुणा जिना चढून दारात चपला काढायचा, तेवढ्यात नानांचं मत तयार. चपला एकीवर एक पडल्या तर माणूस भांडखोर, भिंतीला चिकटवून ठेवल्या तर भित्रा, आणि दुसऱ्याच्या चपला पायानं सरकवून ज्यानं आपल्या चपलांना जागा केली तो नक्की सरकारी कचेरीतला. पाहुणा गेला की हे सगळं आम्हाला ऐकवलं जायचं, आणि ते इतक्या खात्रीनं की पुरावा मागायची कोणाची छाती नव्हती. आई ह्याला 'ठप्पा' म्हणायची. उज्जैनजवळ भैरवगढला चादरी छापणारे लाकडी ठप्पा रंगात बुडवून कापडावर ठोकतात आणि लगेच पुढे सरकतात, तसं नानांचं. "झाला का ठप्पा मारून?" असं ती पदराला हात पुसत विचारायची, आणि नाना म्हणायचे, "पक्का!"

गंमत म्हणजे कधीकधी ते बरोबरही निघायचं. एका दूधवाल्याला त्यांनी पहिल्याच दिवशी 'पाणीवाला' ठरवलं आणि महिन्याभरात तो खरंच पाणी घालताना सापडला. ती गोष्ट आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली. ठप्पा चुकला तर मात्र तो विषय निघत नसे. फारच कोणी काढला तर नाना म्हणायचे, "तेव्हा तसाच होता तो. नंतर बदलला." अशा हिशेबात माणूस हरणार तरी कसा?

उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकापासून हाकेच्या अंतरावर एका कापडाच्या दुकानावर आमच्या खोल्या होत्या. खाली दिवसभर थानं, म्हणजे कापडाचे तागे, आपटल्याचे धपधप आवाज, "आओ बेनजी, देखने के पैसे नी लगते" अशी दुकानदाराची साद, मधूनच गिरणीचा भोंगा. वर आईचा स्टोव्ह आणि नानांचा शाळेत मुरलेला आवाज. नाना मास्तर होते. अर्धं फ्रीगंज त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे चौकात निघाले की चार पावलांवर कोणीतरी "मास्साब, प्रणाम" करायचंच. त्यांच्या पणजोबांचे वडील की आजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात होते म्हणे. त्या दफ्तरातलं आमच्याकडे काहीही उरलं नव्हतं. ताठ मान तेवढी उरली होती, ती नानांच्या वाट्याला सगळीच्या सगळी आली होती.

आई भुसावळची. लग्न होऊन उज्जैनला आली आणि इथलीच झाली, पण पोहे मात्र तिनं कधी इथल्यासारखे वाफवले नाहीत. तिचे ते कढईत परतलेले कांदेपोहे. नानांना ते 'चालायचे'. खरे पोहे म्हणजे चौकातले, पिवळेधमक, वर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरलेले, सोबत गरम जिलबी. दर रविवारी सकाळी नाना स्वतः जाऊन ते घेऊन यायचे. जिलबीचा वेगळा पुडा असायचा आणि तो आईचा असायचा. "तुमच्या आईला गोडाचा भारी शौक," असं म्हणत ते पुडा तिच्यापुढे ठेवायचे, त्यांचा चेहरा असा काही फुललेला असायचा की काय सांगू! आई एखादा तुकडा मोडून तोंडात टाकायची आणि बाकीचा पुडा ताई आणि मी संपवायचो. आई आम्हा मुलींसाठी मागे ठेवते, अशी माझी समजूत होती.

माणसांचे ठप्पे मारून झाले की नाना गावांचे मारायचे. इंदूरवाले दिखाऊ, ग्वाल्हेरकर अकडू, आणि नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले सगळे पुणेकर. बँकेतले असोत, रेल्वेतले असोत, कोल्हापूरचे असोत की अकोल्याचे; नानांच्या नकाशात नर्मदेच्या पलीकडे एकच गाव होतं. आणि पुणेकर म्हणजे कंजूष. त्यावर चर्चा नाही. "मग मी कुठली?" असं आईनं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "तू सोडून."

अशा घरात माझ्या ताईनं, म्हणजे विजूताईनं, दातारांच्या सुधीरला पसंत केलं. मंडळाच्या गणपतीत नाटक होतं. ताई पडद्यामागून वाक्यं सांगायला आणि सुधीर दिव्यांची व्यवस्था बघायला. ऐन प्रयोगात वीज गेली, सुधीरनं कुठूनशी पेट्रोमॅक्स आणून लावली, आणि त्या उजेडात दोघांना जे दिसायचं ते दिसलं. ताई घरी आली ती गुणगुणतच. महिनाभर ती गुणगुणत होती, पोळ्या लाटतानासुद्धा. मी तिच्याहून बरीच लहान, पण एवढं कळण्याइतकी मोठी नक्कीच होते. सुधीर इथल्याच एका कॉलेजात शिकवायचा. वडील बँकेत, बदली होऊन आलेले, माधव नगरात बिऱ्हाड. मूळचे मिरजेचे, म्हणजे नानांच्या हिशेबी पुण्याचेच. "नाव दातार," नाना मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "पाहू, काय देतात ते." पण मुलीचं मन कुठे आहे हे त्यांनाही दिसत होतं. दातारांकडून निरोप आला, एकदा घरी या, बसून बोलू. आणि नाना आम्हा सगळ्यांना घेऊन जायला तयार झाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे, म्हणजे माळव्यात, पहिला नकार हा नकार नसतो. यजमान विचारतो, आपण नको म्हणतो. तो पुन्हा म्हणतो, आपण पुन्हा नको म्हणतो. मग तो गळ घालतो, शपथ घालतो, आणि आपण हार मानून घेतो. ह्याला मनुहार म्हणतात. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा... त्याला काय म्हणायचं ह्याचा विचारही आम्ही कधी केला नव्हता, कारण तसा माणूस आम्हाला भेटलाच नव्हता.

दातारांकडे बैठकीत स्वच्छ चादर, भिंतीवर एकच घड्याळ, सगळं जिथल्या तिथे. दातारकाका बारीक, चष्मेवाले, शब्द तोलून बोलणारे. काकू ठेंगण्या, नीटनेटक्या, पदर खोचलेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि काकू उठून म्हणाल्या, "चहा टाकू ना?"

"अरे नाही नाही, बिलकुल तकलीफ नको," नाना म्हणाले. "आत्ताच घेऊन येऊन राहिलो."

काकूंनी काकांकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि परत खाली बसल्या.

ती शांतता मला अजून आठवते. घड्याळाची टिकटिक एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. नाना दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते, आणि ते काही येईना. शेवटी काकांनी चाचरत विचारलं, "मग खायला तरी काही?" नानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नियमाप्रमाणे पोटावर हात ठेवला. "छे हो, पोट गच्च भरलंय."

"बरं, बरं," काका म्हणाले.

पोट गच्च वगैरे काही नव्हतं. दातारांकडे खायला लागणार म्हणून नाना दुपारी अर्धपोटीच उठले होते. त्यानंतरचं बोलणं हवापाण्यावर आलं आणि हवापाण्यावरच संपलं. कामाचा विषय ना त्यांनी काढला ना आम्ही. ताई खाली मान घालून चादरीचा काठ दुमडत होती, सुधीर उगाच खिडकी उघडत आणि लावत होता. आम्ही निघालो तेव्हा काकूंचा चेहरा पडलेला होता. नानांना तो दिसला नाही, कारण ते तोवर ठप्पा उचलून बसले होते.

टॉवर चौकात आल्याबरोबर पोहेवाल्यानं हाक मारली. "आओ मास्साब! पोहा निकला है गरम."

"नहीं रे भाई, आज नहीं."

"अरे ऐसे कैसे, मास्साब! पूरे घर के साथ आए और सूखे जाओगे?"

"अच्छा चल, आधा दे दे."

"आधा अपने यां होता ही नी," असं म्हणून त्यानं गच्च भरलेली प्लेट नानांच्या हातात दिली. नाना आमच्याकडे वळले. "पाहिलं? ह्याला म्हणतात माणूस. आणि ते! एक नंबर कंजूष. एका कपानं मेले असते का?" मग पोहे खाता खाता त्यांचा आवाज एकाएकी उतरला. "अशा घरी मुलगी द्यायची? उद्या विजूनं दुसरी पोळी मागितली तर तिच्या ताटाकडे बघत बसतील. माझी पोरगी भुकेली झोपेल तिथं." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. नानांवर रागावणं म्हणून तर इतकं कठीण होतं. जे काही चाललं होतं ते सगळं मायेपोटी चाललं होतं. आई प्लेटला हात न लावता उभी होती, ताई रस्त्याकडे बघत होती. त्या दिवसापासून ताईचं गुणगुणणं बंद झालं.

दोनेक दिवसांनी सुधीर आमच्या जिन्यात येऊन उभा राहिला. वर यायची हिंमत नव्हती. ताई खाली गेली, आणि मी कठड्याशी बसून सगळं ऐकलं. "आई नीट जेवलेलीसुद्धा नाही," तो सांगत होता. "सकाळपासून खपली होती गं ती. नारळाच्या वड्या, बटाटेवड्यांचं सारण, सगळं तयार होतं आत. तुम्ही कशालाच हात लावायला तयार नाही. बाबा म्हणाले, ही संस्थानी माणसं, आपल्यासारख्या बदलीवाल्यांचा चहा त्यांच्या घशाखाली कसा उतरेल? घोटभर चहा न घेता गेले म्हणजे सोयरीक नको, असंच ना?" मग आवाज उतरवून म्हणाला, "नाशिकचं एक स्थळ आलंय. बाबा रविवारी संध्याकाळी त्यांना होकार कळवणार आहेत. मी नाही म्हणतोय, पण आई नुसती रडते."

मला त्या जिन्यात हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आम्ही त्यांना कंजूष म्हणत होतो आणि ते आम्हाला गर्विष्ठ म्हणत होते, आणि दोन्ही घरांत माणसं उपाशी होती!

ताईनं आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. रविवार उजाडला. नाना नेहमीसारखे पोहे-जिलबी घेऊन आले आणि पुडा आईपुढे ठेवला. "घे, गरम आहे."

"नको," आई म्हणाली.

"घे गं."

"नको म्हटलं ना."

"अगं घे! तुझ्यासाठी तर आणतो."

आईनं पुडा उचलला आणि नानांच्या बाजूला सरकवला. "मला जिलबी आवडत नाही," ती म्हणाली.

नाना हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबले. "मतलब?"

"मतलब आवडत नाही. कधीच आवडली नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी पानात वाढल्या. मी नको म्हटलं, त्यांनी आणखी वाढल्या. पुन्हा नको म्हटलं, आणखी. आमच्याकडे पानात टाकायची पद्धत नाही, म्हणून रडत रडत संपवल्या. तुम्ही दारातून पाहिलंत आणि म्हणालात, 'वा, गोडाचा शौक आहे!' झाला ठप्पा."

"पण मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले की. पहिली कितीतरी वर्षं दर रविवारी नको म्हणत होते. तुमच्या घरी नकोचा अर्थ हो, मी तरी काय करणार होते?" तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "त्या माउलीनं तुम्हाला विचारलं, तुम्ही नको म्हणालात, तिनं तुमचा शब्द मानला. एवढाच तिचा गुन्हा. तिच्या घरात शिरल्याबरोबर मला तुपाचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास आला होता. आणि पोरीच्या मनात ते घर आहे. आज संध्याकाळी ते नाशिकवाल्यांना कळवणार आहेत."

"तिथंच का नाही सांगितलंस?"

"तुमचं तोंड असं झालं होतं की काही बोलले असते तर तिथंच भांडण झालं असतं. आणि मलाही वाटलं, विचारतील त्या पुन्हा. मीसुद्धा आता इथलीच झाले ना!"

नाना उठून गॅलरीत गेले. खाली दुकानदार थानं आपटत होता, ते बघत बराच वेळ उभे राहिले. पाठमोरे. ताठ मानेचे नाना मला त्या सकाळी पहिल्यांदा जरा लहान दिसले. जगातल्या प्रत्येक माणसाच्या चपला त्यांनी वाचल्या होत्या, आणि ज्या बाईच्या हातचं रोज जेवत होते तिला काय आवडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत आले ते म्हणाले, "माझा कोट काढ. माधव नगरला जायचंय."

आम्ही तिघंच गेलो. नाना, आई आणि हट्टानं मी. ताईला घरी ठेवलं. रस्ताभर नाना पुटपुटत होते. मी कान देऊन ऐकलं तर म्हणत होते, "विचारलं की हो म्हणायचं. विचारलं की हो." शाळेतला पोरगा कविता पाठ करतो तसं. काकूंनी दार उघडलं आणि त्या दचकल्याच. बसा म्हणाल्या. काका चष्मा पुसत बाहेर आले. पुन्हा तीच चादर, तीच टिकटिक. नाना अगदी तयारीत बसले होते, पण काकू चहाचं विचारीचनात. का विचारतील बिचाऱ्या? एकदा तोंड पोळलेलं. आता पाठ केलेला 'हो' कोणाला द्यायचा हे नानांना कळेना. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं घड्याळाकडे पाहिलं.

मग नानांनी घसा साफ केला. "वहिनी," ते म्हणाले, "चहा मिळेल का?"

आता हे वाचणाऱ्याला ह्यात काय एवढं, असं वाटेल. पण परक्या घरी, तेही जिथे मुलगी द्यायची त्या घरी, तोंड उघडून मागून खाणं! आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. नानांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"खरंच घ्याल?" काकूंनी विचारलं.

"घेईन. आणि त्या दिवशीच्या नारळाच्या वड्या उरल्या असतील तर त्याही द्या. त्या दिवशी मी चुकलो. आमच्याकडे आधी नको म्हणतात, मग घेतात. तुम्ही माझं पहिलंच बोलणं खरं धरलंत. इतकं माझं कोणी ऐकत नाही, म्हणून लक्षात आलं नाही."

काकू उठल्या त्या डोळ्यांना पदर लावतच. आतून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ चहाचा वास. वड्या आल्या, चांगल्या कडक झालेल्या, नानांच्या दाढेखाली कडाकडा वाजत होत्या. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरीला हात आडवा केला. "आता नको." पण 'आधी नको म्हणतात, मग घेतात' हे नानांचं आत्ताचंच बोलणं काकांनी पक्कं लक्षात ठेवलं होतं. काकांनी बशी पुढे केली. "नाही, घ्यायलाच पाहिजे!"

"अहो खरंच नको."

"आमची शपथ आहे!" काका पुढे सरसावले. शपथ घालायची त्यांना बिलकुल सवय नव्हती, ओरडल्यासारखे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नाना अगदी मनापासून नको म्हणत होते आणि त्यांना कोणी सोडत नव्हतं. आई पदरात तोंड खुपसून हसत होती, आणि मग काकूही हसायला लागल्या. नाशिकला त्या संध्याकाळी नकार गेला.

पुढच्या रविवारी नाना पायात चपला घालून दारात थांबले आणि आईला म्हणाले, "तुझ्यासाठी काय आणू?" लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं. आई म्हणाली, "कचोरी." ती जाईपर्यंत दर रविवारी कचोरीचा पुडा येत राहिला, आणि विचारणंही राहिलं, उत्तर माहीत असूनसुद्धा.

ठप्पे मारायचे नाना काही थांबले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी नव्या पोस्टमनला 'आळशी' ठरवलं. फक्त ठप्पा मारून झाला की एकदा आईकडे बघायचे. माझी नात हल्ली रिक्षातून उतरता उतरता फोनवर रिक्षावाल्याला चांदण्या देते, एक किंवा पाच, मधलं काही नाही. मी तिला म्हणते, अगं तुझ्या पणजोबांना तरी चपला बघायला लागायच्या. ती म्हणते, "आजी, इतना मत सोचो."

दातार निवृत्त झाल्यावर उज्जैनमध्येच राहिले. ताईचा संसार माधव नगरात, त्याच घरात झाला. तिचं ताट कोणी कधी मोजलं नाही, हे काय सांगायला हवं? नाना शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा आई नव्हती. ताई आणि मी आलटूनपालटून त्यांच्याजवळ असायचो. त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. एक घास घ्या नाना, माझ्यासाठी घ्या, शपथ आहे नाना, असं आम्ही दोघी चमचा घेऊन दिवसभर त्यांच्या मागे. ते तोंड फिरवायचे, आम्ही पुन्हा चमचा पुढे. आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं. वाढत राहणं म्हणजेच माया, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

एका दुपारी दातारकाकू आल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, काठी टेकत जिना चढून आल्या. माझ्या हातातली पेजेची वाटी घेऊन पलंगाशी बसल्या. "नाना," त्यांनी विचारलं, "पेज देऊ थोडी?"

नानांनी डोळे न उघडता मान हलवली. "नको."

"बरं," काकू म्हणाल्या. वाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

मी पुन्हा वाटीकडे हात नेला, तर ताईनं माझं मनगट धरलं. खालच्या दुकानातून थानं आपटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं नानांनी डोळे उघडले. काकूंकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडे.

"पाहिलं?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण मास्तरांचाच. "एक नंबर कंजूष."

आणि काकूंचा हात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही.